नाववाल्या अनुसयाबाई

अनुसयाबाईंना कोणी पाणी दिलं, की त्या ते घटाघटा पिऊन टाकत आणि रिकामा गडवा डोळ्यांजवळ नेऊन गोल फिरवत. त्यावर कोणाचं नाव आहे, कोणाकडून आलाय, कोणाच्या लग्नातला आहे, हे वाचून झाल्याशिवाय त्या घरच्यांची विचारपूससुद्धा करत नसत. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. त्यामुळे कोणाच्याही स्वयंपाकघरात अर्धा तास बसलं, तर त्या घरचे मामे, आत्या, व्याही सगळे ओळखीचे होतात. अनुसयाबाईंना तेवढा अर्धा तासही लागायचा नाही.

एकदा भंडाऱ्याजवळच्या शहापूरला एका मयताच्या घरी आम्ही भेटायला गेलो होतो. आई, मी आणि त्या. बायका रडत होत्या. कोणीतरी पाणी आणलं. बाईंनी ते पिऊन गडवा फिरवला आणि त्या रडारडीत म्हणाल्या, "हा आमच्या बुढ्याच्या हातचा हाय. हा 'श' पाह्य. असा पोट काढलेला 'श' भंडाऱ्यात दुसऱ्या कोनाले जमत नव्हता." बुढा म्हणजे त्यांचे यजमान. मयताची बहीण डोळे पुसून 'श' बघायला सरकली. तिच्या जावेने आतून गुंड आणला, पाण्याचा मोठा पितळी हंडा, "मंग हा कोनाच्या हातचा सांगा" म्हणून. दहा मिनिटांत त्या दुःखाच्या घरी ओसरीवर सात-आठ भांडी मांडलेली होती आणि आई माझ्याकडे बघून डोळे वटारत होती, जणू बाईंना मीच जन्म दिला होता. परत येताना बाई म्हणाल्या, "रडून रडून थकल्या होत्या बिचाऱ्या. थोडा इसावा भेटला." त्यांचं खरं होतं. निघताना त्या बहिणीने आम्हाला जेवूनच जा म्हणून अडवलं होतं.

भंडाऱ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानांची एक ओळ आहे. तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर, मांडीवर पोतं पसरून, त्या बसायच्या. सगळा बाजार त्यांना 'नाववाली बाई' म्हणायचा. यजमान गेल्यावर चौदाव्या दिवशी त्या त्यांच्या जागेवर येऊन बसल्या, आणि दुकानदार काही बोलायच्या आत एका गंजावर, म्हणजे पातेल्यावर, नाव घालूनही टाकलं, असं दुकानदारच सांगायचा. विजेवर गुरगुरणारं नाव घालायचं मशीन त्यांच्याकडे होतं, पण ते फक्त स्टीलसाठी. पितळेचं भांडं आलं, की छिन्नी आणि छोटी हातोडी बाहेर निघायची. "स्टीलले मशीन, पितळेले हात," असा त्यांचा कायदा होता. आता डोळ्यांनी दगा दिला म्हणून त्या नाकाडोंगरीला लेकीकडे राहतात आणि तिकडची भांडी वाचतात.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माझं आयुष्य संपलेलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. मी नागपूरला उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला होते. बाबा जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत, राहायला क्वार्टर, आणि आमच्या सगळ्या नात्यात चित्रकला शिकायला गेलेली मी पहिलीच. बाबांनी परवानगी दिली होती, पण तोंडावर सांगून: "एक वर्ष देतो. नापास झाली, तं सरळ भंडाऱ्याले फार्मसी." नुसतं सांगितलं असतं तर मी विसरलेही असते. त्यांनी फार्मसीचा फॉर्म आणून टीव्हीखाली ठेवला होता, आणि टीव्ही बघताना तो मला दिसायचा.

कॉलेजात माझ्या वर्गातल्या मुलींकडे चित्रं काढायचे टॅब होते, जाडजूड परदेशी पुस्तकं होती. एकीचे तर वडीलच जाहिरात कंपनीत होते. आमच्या ग्रंथालयात चांगली पुस्तकं कुलूपबंद कपाटात होती आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ मी जाईन तेव्हा रजेवर असायचे. माझ्याकडे फोन होता. फोनवर मी जगभरची सुंदर अक्षरं शोधायची, दिसेल ते साठवायची, आणि त्या साठ्याला मी 'प्रेरणा' असं नावही दिलं होतं. त्यात हजारभर चित्रं झाली, तरी मला स्वतःला काढायला काही सुचेना. भरल्या ताटावर बसून उपाशी, अशी माझी गत.

वर्षाचं मुख्य काम होतं: देवनागरीची एक पूर्ण अक्षरमाला स्वतः घडवायची आणि ती कुठून सुचली ते दाखवायचं. मी फोनवरचीच काही वळणदार अक्षरं उचलली, इकडेतिकडे शेपट्या जोडल्या आणि नेऊन दिली. अक्षरांकनाच्या सरांनी माझा कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी आणखी तीन कागद ठेवले. चारही कागद बहिणीबहिणी दिसत होते. सर म्हणाले, "तुझं आज चौथं." रागावले असते तर बरं झालं असतं. महिनाभराने पुन्हा द्या म्हणाले. तेही जमलं नाही तर वर्ष गेलं. मी सामान घेऊन घरी आले, आणि महिन्यातले दहा दिवस पलंगावर पडून, फोन बघत घालवले.

अकराव्या दिवशी आईने मला उठवून बाजारात नेलं. मामाच्या विद्याचं लग्न होतं आणि आईने तिच्यासाठी घेतलेल्या गुंडावर नाव घालायचं होतं. पायरीवर बसलेल्या बाईंनी गुंड मांडीवर घेतला, नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात 'मंगल परिणय' लिवतेत ना? अन् 'आयुष्मती'?" आई हो म्हणाली. कोणत्या घरी कोणता मायना लागतो, हे त्यांना सांगावं लागत नसे. मग त्यांनी कंबरेचं सूत काढलं. गुंडाच्या गळ्याभोवती वेढलं, दुमडून अर्धं केलं, पुन्हा अर्धं केलं, ओठ हलवत अक्षरं मोजली, आणि ओल्या खडूने चार ठिपके दिले. बस. पुढे नुसती छिन्नी. टक टक टक टक करत नाव गुंडाभोवती निघालं आणि जिथून निघालं, तिथे बरोबर येऊन थांबलं. एक अक्षर दाटलं नाही की एक लांबलं नाही.

मी कॉलेजची ना. मला गप्प राहवलं नाही. "मावशी, आधी पेन्सिलीने लिहून का घेत नाही?"

"लिवून घेतलं का हात पेन्सिलीच्या मांगं मांगं जाते," त्या म्हणाल्या. "आधी सूत, मंग हात. मधात पेन्सिल कायले पायजे?"

मी फोन काढून फोटो घ्यायला लागले. ठिपक्याठिपक्यांचं ते अक्षर मला भलतंच आवडलं होतं. गोल भांड्यावर बसायचं म्हणून प्रत्येक अक्षर किंचित मागे रेललेलं, 'द'चं पोट भरलेलं, वेलांट्या आखूड, कारण लांब वेलांटी घासणीत अडकते. बाईंनी हातोडी थांबवली.

"काहून व पोरी, फोटो काहून काढून राहिली? घरी भांडे नाहीत का तुमच्या?"

आईला हसू आलं. मला राग आला, आणि तो राग घेऊनच मी घरी येऊन मांडणीवरची सगळी भांडी खाली काढली. एकूणएक भांडी मी जन्मापासून बघत होते आणि एकही वाचलेलं नव्हतं. आईच्या लग्नातला कोपर (परातीला आम्ही कोपर म्हणतो), आजीचा गडवा, बाबांना फॅक्टरीतल्या मित्रांनी दिलेलं स्टीलचं पिंप. प्रत्येकावर वेगळा हात, वेगळं वळण. माझ्या फोनात जगातली अक्षरं होती, आणि माझ्या आजीचं नाव कोणत्या वळणात लिहिलंय ते मला माहीत नव्हतं. खरं सांगते, मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॅक्टरीच्या बसने भंडाऱ्याला गेले आणि पायरीवर बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

आठवडाभर मी रोज जात होते. शिकवणं हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. विचारलं तर त्या म्हणत, "मी काय मास्तरीन हाय का? बस, पाह्य." पण हात चालू असला की तोंडही चालायचं. "अक्षराले बसाले जागा द्या लागते. पाहुण्याले आपन खेटून बसवतो का?" किंवा, "भांड्याले पाठ नसते. जिकून पाहाल तिकून तोंडच. म्हून कुठूनबी वाईट दिसलं नाही पायजे." एकदा एका बाईची पोरगी मोडलेल्या सोयरिकीचा गडवा घेऊन आली. त्यावर नवऱ्याचं नाव आधीच घातलेलं. बाईंनी त्या नावावरून अशी वेल फिरवली की पानं आणि कळ्यांत तो नवरा कुठे गेला ते सापडेना. "पितळेवरचं खोडता येत नाही," त्या म्हणाल्या, "पन झाकता येते." पोरगी हसत गेली.

मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती मला फार थोर वाटली. आईकडून मी एक नवा पितळी कोपर घेतला. तो बाईंसमोर ठेवून म्हटलं, "मावशी, यावर 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं घाला." माझा बेत असा, की हा कोपर तसाच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. मांडणी माझी, हात त्यांचा. आपलं काम झालं.

बाईंनी छिन्नी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. "'अ' कोनाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणाचाच नाही. नुसता 'अ'."

"कोनाचा नसन तं हात नाही चालत माहा." आणि खरंच चालेना. इतकी वर्षं भांडी ठोकलेल्या बाई, पण माणसाशिवाय अक्षर त्यांनी कधी घातलंच नव्हतं. शेवटी ठरलं की मी नावं आणायची, सगळी अक्षरं येतील अशी. दोन दिवस मी क्वार्टर्समध्ये दारोदार हिंडले. फॅक्टरीमुळे आमच्याकडे देशभरचे लोक, त्याचा असा उपयोग होईल असं सरकारलाही वाटलं नसेल. वरच्या मजल्यावरचे झाजी मिळाले, केरळच्या ओमना नर्स मिळाल्या, शहापूरच्या ढेंगेकाकू, मंजुळाबाई, घनश्याम, छाया. ढेंगेकाकू म्हणाल्या, "माहं नाव परीक्षेले चाललं, मी तं कधी बसलीच नाही." फक्त 'ङ' आणि 'ञ' यांना माणूस मिळेना. बाईंनी ती दोन्ही अक्षरं घालायला साफ नकार दिला. ज्याला जगात माणूस नाही त्याला भांड्यावर जागा नाही, म्हणाल्या.

बुधवारी मी त्यांना नावांची यादी दिली. शनिवारी कोपर न्यायचा, रविवारी विद्याचं लग्न, आणि पुढच्या शुक्रवारी कॉलेजात देणं.

शनिवारी गेले तर कोपर तयार होता. पोत्यावर तो लखलखत होता. आतल्या बाजूने नावांची ओळ गोल गोल फिरत मध्यापर्यंत गेलेली. माझं वर्ष वाचलं असं मला वाटलं. मग मी काठ बघितला. काठावर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, लिहिलं होतं: 'आयुष्मती विद्या हिच्या मंगल परिणयाप्रीत्यर्थ सप्रेम भेट'.

मी त्या काठावर बोट ठेवलं. बाईंनीही बघितलं. "अव माय," त्या म्हणाल्या. "लगनाचे दिवस. हाताले सवय असते नं. गेला हात."

"मावशी, वेल काढा. झाका ते."

"वेलीले जागा पायजे. हितं जागा कुठं उरली?" जागा खरंच उरली नव्हती.

मी तो कोपर घेऊन घरी आले तेव्हा रडत होते. वाटलं, असाच नेऊन देते, सर हसतील तर हसोत. पण आईने काठ वाचला आणि विषय संपवला. "विद्याचं नाव हाय. तिचं भांडं. भेट लिवलेलं घरात नाही ठेवत." मी ओरडले, आपटले. बाबा आतून म्हणाले की फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी चप्पल घालून पुन्हा बाजार गाठला, या वेळी भांडायला.

बाईंनी भांडू दिलं. माझं झाल्यावर म्हणाल्या, "आईचं बराबर हाय. ज्याचं नाव, त्याचं भांडं. आमच्या धंद्यात येवढाच धरम हाय. तू पातळ कागद ठेव अन् कोळसा घास. छाप घेऊन जाय. भांडं जाऊ दे."

दुसरा इलाज नव्हता. संध्याकाळपर्यंत बसून मी छाप घेतले. पण कोपर खोलगट, कागद चुरगळायचा. अर्धी अक्षरं आली, अर्धी नुसता काळा धूर. काठाचा छाप तेवढा सुरेख आला, ज्याचा मला काही उपयोग नव्हता. रविवारी विद्याला कोपर दिला. ती म्हणाली, "ताई, यावर सगळी कॉलनीच आली का व माह्या लग्नाले?" आणि तिच्या सासरच्या बायका तो हातात घेऊन नावं वाचत बसल्या. मला त्यातही रडू आलं. लग्न असल्यामुळे कोणी कारण विचारलं नाही.

सोमवारपासून मी जेवायच्या टेबलावर ते छाप पसरून बसले. जे आलं नव्हतं ते स्वतः काढणं भाग होतं. अर्धा 'ठ' आलाय, तर उरलेला कसा वळला असेल? बाई मांडीवरचं भांडं आपल्याकडे फिरवतात, म्हणजे छिन्नी उजवीकडून उतरते, म्हणजे पोट इथे भरणार. दहा 'ठ' काढले. अकरावा बाईंसारखा आला. पंधरावा त्यांच्यासारखा नव्हता, तरी बरा होता. जरा जास्त रेललेला, जरा आळशी. मला तो आवडला, कारण आळशी मीच होते. त्यानंतर मी छाप कमी बघू लागले आणि कागद जास्त. मंगळवारी मी बाईंकडे एकदा कागद घेऊन गेले, तर त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. "भांडं असतं तं पाह्यलं असतं. कागदातलं मले काय समजते?" म्हणाल्या आणि गिऱ्हाईक नसतानाही छिन्नीला धार लावत बसल्या.

गुरुवारी मोठ्या कागदावर सगळी अक्षरं गोलात मांडायची होती. मापासाठी मी काठाच्या छापावर सूत धरलं, बाईंच्या पद्धतीने. दुमडलं. पुन्हा दुमडलं. आणि उलगडून पहिल्यापासून मोजलं. 'आयुष्मती'पासून 'भेट'पर्यंतची सगळी अक्षरं त्या काठावर एकसारख्या अंतराने बसली होती, आणि शेवटचं अक्षर पहिल्याच्या बरोबर अलीकडे, पाहुण्याला द्यावी तेवढी जागा ठेवून थांबलं होतं. सवयीने गेलेला हात असा थांबत नाही. ते आधी मोजलेलं होतं.

शुक्रवारी सरांनी माझे कागद एकेक करून पाहिले. शेजारी ठेवायला दुसरा कोणाचा कागद त्यांना सापडला नाही. "कुठून आणलं?" त्यांनी विचारलं. मी भांडी सांगितली, पायरी सांगितली, झाजी आणि ढेंगेकाकू सांगितल्या. ते बराच वेळ त्या आळशी 'ठ'कडे बघत होते. मग म्हणाले, "यात 'ङ' आणि 'ञ' दिसत नाहीत."

"त्या अक्षरांची माणसं भेटली नाहीत, सर."

सर हसले. "ठीक आहे," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी शोध."

'पुढच्या वर्षी' हे शब्द मी घरी फोनवर तीनदा सांगितले. बाबांनी तिन्ही वेळा ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे तो फॉर्म रद्दीत देऊ?" त्यांच्या आवाजात जी खुशी होती ती मी कधी विसरणार नाही, इतके दिवस माझ्याहून जास्त भीती त्यांनाच वाटत होती.

शनिवारी मी पेढे घेऊन बाजारात गेले. बाई एका कोपराभोवती सूत वेढत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "मावशी, तुमचा हात चुकला नव्हता."

त्यांनी सूत दुमडलं, ठिपका दिला. "नव्हता," म्हणाल्या.

"मग काहून केलं तसं? माझं वर्ष जात होतं ना."

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि छिन्नी हातात घेतली. "तू ते भांडं नेलं असतं, तं पास मी झाली असती," अनुसयाबाई म्हणाल्या. "मले या वयात पास होऊन काय कराचं हाय, सांग."